बंद खिडकीची बातमी

सोमवार, ४ फेब्रुवारी

आजपासून लिहायचे ठरवले आहे. रोज नाही, लिहिण्यासारखे काही असेल त्या दिवशी. लिहिण्यासारखे काही आहे की नाही हे कसे ओळखायचे, ते अजून कळलेले नाही.

काल आमच्या पितळी पाट्यांच्या दुकानातून वाचनालयात दाराची पाटी पोचवायला गेलो होतो. आत एक मोफत वर्ग चालू होता, 'नागरिक पत्रकारिता'. मागच्या बाकावर बसलो तो शेवटपर्यंत बसलो. शिकवणाऱ्या बाईंनी अनेक वर्षे वर्तमानपत्रात काम केले आहे. त्या म्हणाल्या, ज्याला पाय आहेत आणि डोळे आहेत तो बातमीदार होऊ शकतो, पदवी लागत नाही. हे ऐकून मी सरळ बसलो. माझे शिक्षण नववीत थांबले. शुद्धलेखन मात्र मी कोश घेऊन पक्के केले आहे.

त्यांचा पहिला नियम: ऐकीव लिहू नका, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मी त्याखाली पट्टी धरून दोन रेघा ओढल्या. दुसराही एक नियम त्यांनी सांगितला, पण तेव्हा मी रेघा ओढत होतो. पुन्हा विचारायला हवा होता. सगळ्यांसमोर कोण विचारणार!

शनिवार, ९ फेब्रुवारी

स्वतःचे बातम्यांचे पत्रक काढले. नाव ठरले, 'चौकातून'. एकच कागद, दोन्ही बाजूंनी. चौकातल्या फलकावर एक प्रत लावायची, काही वाटायच्या, आणि फोनवर सगळ्या गटांना पाठवायचे.

ताईने विचारले, "वाचणार कोण? मी, आई आणि तुमच्या दुकानातली झुरळं?"

"झुरळांना वाचता येत नाही," मी म्हटले.

"मग आम्ही दोघीच."

पहिल्या अंकात रस्त्यावरचा बंद दिवा आणि हरवलेले मांजर अशा दोन बातम्या आहेत. मांजर छापून होईपर्यंत परत आले. तळमजल्यावरच्या आजोबांनी भिंग लावून दोन्ही बाजू वाचल्या. मी जिन्यात उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी भिंग खाली ठेवून म्हणाले, "एक चूक नाही रे! इतकं नीट छापलेलं मी किती दिवसांनी वाचलं! जे छापशील ते खरंच असणार तुझं."

दिवसभर हवेत होतो.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

मोठी बातमी सापडली असे वाटते.

आमच्या दुकानात एक ते दोन जेवणाची सुट्टी असते. मालक शटर अर्धे खाली ओढून आत जेवतात आणि पडतात. मी माझा डबा आधीच उरकतो आणि फिरायला निघतो. आज दवाखान्यावरून गेलो. बाजूच्या बोळात सरकारी औषधांची खिडकी आहे, तिथे चिठ्ठी दाखवली की गोळ्या फुकट मिळतात. बोर्डावर लिहिले आहे, 'सकाळी ९ ते संध्याकाळी ५'. खिडकी बंद. एक माणूस आला, बंद झडप पाहून पुटपुटला आणि गेला.

पण एकदा पाहून लिहायचे नाही. परत जाईन.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

शुक्रवारी बंद. शनिवारी बंद. कालही बंद. रोज न चुकता गेलो, एकदाही चालढकल केली नाही.

आज निघताना उशीर झाला, कारण एक गिऱ्हाईक आमचे शटर बडवत होते. मालक आतून ओरडले, "जेवतोय!" तरी बडवतेच. लोकांना जेवणाच्या वेळेचेही भान नसते. कसेबसे त्याला वाटेला लावून दवाखान्याकडे गेलो. खिडकी बंदच. आणि आज एक नवी गोष्ट कळली. झडपेला कान लावला तर आतून डब्याचे झाकण पडल्याचा आवाज आला. म्हणजे आत माणूस आहे! माणूस आत आणि खिडकी बंद! जागेवरच टिपून घेतले.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

आईने आज सकाळी त्याच खिडकीतून खोकल्याचे औषध आणले. नशीब तिचे. एखाद्या वेळी उघडी सापडतही असेल.

ताई म्हणाली, "अरे, खिडकीतल्या त्या बाईंना एकदा विचार तरी."

मी तिला समजावले, की विचारले की माणसे सारवासारव करतात, मी फक्त डोळ्यांवर विश्वास ठेवतो. वर्गात तसेच शिकवले आहे.

"अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की तुझी बोबडी वळते, ते सांग ना सरळ."

ताईला पत्रकारितेतले काही कळत नाही.

रविवार, २४ फेब्रुवारी

दुसरा अंक निघाला. वरच्या अर्ध्या पानावर मथळा, 'बोर्डावर नऊ ते पाच, खिडकी मात्र बंद!' सगळा मजकूर चार वेळा तपासला. एक वाक्य इतके जमले आहे की ते इथेही उतरवून ठेवतो: 'आतून डब्याचे झाकण वाजते, पण बाहेर औषध येत नाही.'

बुधवार, २७ फेब्रुवारी

ते वाक्य माझ्याआधी सगळीकडे पोचते आहे. फोनवर ज्या गटांत मी नाही त्या गटांतून ते मला परत आले. दुकानात पाटी घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी ते मालकांना वाचून दाखवले आणि खो खो हसले. मालक हसले नाहीत. "तू लिहिलंस?" एवढेच विचारले आणि पितळेच्या पत्र्याकडे वळले.

कदाचित त्यांना पत्रकाला नाव सुचवायचे राहून गेले, याचे वाईट वाटले असेल.

रविवार, ३ मार्च

आरोग्य कार्यालयाने दखल घेतली! दवाखान्याच्या दारावर कागद लावला आहे, त्यात 'स्थानिक पत्रकातील वृत्तानुसार' असे शब्द आहेत. स्थानिक पत्रक म्हणजे मी. आनंदाने अर्धा बोळ चाललो आणि मग परत येऊन उरलेला कागद वाचला.

खिडकी वेळेवर उघडा, असे त्यात कुठेही नाही. त्यात म्हटले आहे की लोकांना खिडकीचा उपयोग होत नसल्याचे दिसते, सबब ती बंद करून औषधवाटप मुख्य रुग्णालयात हलवायचे आहे, आणि त्याआधी मंगळवारी, १२ तारखेला पाहणी होईल.

मुख्य रुग्णालयाला जायला दोन बस बदलाव्या लागतात.

मी तर खिडकी उघडावी म्हणून लिहिले होते.

सोमवार, ४ मार्च

काही नाही. दवाखान्याच्या बोळातून गेलो नाही.

मंगळवार, ५ मार्च

आज जे झाले ते नीट क्रमाने लिहितो.

सकाळी ताई वर आली ती चिडूनच. "आजोबांना चक्कर आली जिन्यात. पडले नाहीत, कठडा धरला म्हणून. रक्तदाबाच्या गोळ्या बंद आहेत त्यांच्या. का बंद आहेत, ते तूच जाऊन विचार."

धावत खाली गेलो. आजोबा खुर्चीत बसून होते. शेजारी माझा अंक, नीट घडी घालून.

"गोळ्या का नाही घेतल्या, आजोबा?"

"कुठून घेणार? खिडकी बंद असते ना आता."

"कोणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काहीतरी खुळ्यासारखे विचारतो आहे. "तूच छापलंस. मी भिंग लावून वाचलं. म्हटलं, उगाच तंगडतोड कशाला."

ताईने आजोबांच्या हातातून चिठ्ठी घेतली, चपला घातल्या आणि गेली. मी त्यांच्याजवळ बसलो. ते मला धीर देत होते! ताई लगेच परत आली, हातात गोळ्यांची पुडी.

"खिडकी उघडी होती," ती म्हणाली. "पुढे पाच माणसं होती. त्यांना विचारलं, रोज असते का. म्हणाले, रोज असते." मग माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात, "तू कधी जायचास रे?"

मी सांगितले, रोज, जेवणाच्या सुट्टीत.

"कोणाच्या जेवणाच्या सुट्टीत?"

झाकणाचा आवाज मला पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी तो डबा कोणाचा आणि कशासाठी उघडला होता तेही कळले. ती बाई जेवत होती.

आजोबांना संध्याकाळपर्यंत बरे वाटले. डॉक्टर येऊन गेले, काळजी नाही म्हणाले. मी मात्र जेवलो नाही.

बुधवार, ६ मार्च

मालकांना सगळे सांगितले. वाटले, कामावरून काढतील. का काढतील ते माहीत नाही, पण वाटले.

ते एक पाटी पुसत होते. म्हणाले, "आपण पाटी कोरायच्या आधी काय करतो?"

"कागदावर नमुना काढतो."

"आणि?"

"ज्याची पाटी त्याला दाखवतो. त्याने सही केली की मग पितळेला हात लावतो."

"का?"

"कोरलेलं पुसता येत नाही."

"मग त्या बाईंची एवढी मोठी पाटी गावभर लावलीस, नमुना कोणाला दाखवलास?"

मी या दुकानात इतकी वर्षे आहे. एकही पाटी नमुन्याशिवाय कोरलेली नाही. आणि हे माझ्या मनात कधीच आले नाही.

वर्गातल्या बाईंना फोनवर लिहून विचारले, तुमचा दुसरा नियम काय होता? त्यांचे उत्तर आले: 'पाहिलेलं बरोबर आहे का, ते संबंधित माणसालाच जाऊन विचारा. तुम्ही मागे बसून रेघा मारत होतात तेच का?'

म्हणजे त्यांनी पाहिले होते.

गुरुवार, ७ मार्च

मालकांनी सकाळी अर्धा तास सोडले. रांगेत उभा राहिलो. समोरचे एकेक माणूस कमी होत होते तसा मी पाठ केलेले मनात घोळवत होतो. खिडकीत चाळिशीच्या बाई, केस घट्ट बांधलेले, चष्मा नाकाच्या टोकावर.

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. मी... 'चौकातून' मीच लिहितो."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "तू? मला वाटलं, कोणी मोठा बुवा असेल. इतकी टोकदार भाषा! बाजूला हो, मागे माणसं आहेत."

बाजूला झालो. सगळी रांग संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मग म्हणाल्या, "बोल."

पाठ केलेले सगळे विसरलो. "चूक झाली. मी फक्त एक ते दोनच्या मध्येच येत होतो. तुम्ही जेवत होतात."

"हो, जेवते मी. वाईट सवय आहे."

हसावे की नाही कळेना.

"भाजी आणायला गेले तर लोक म्हणतात, डबाबाई आल्या," त्या म्हणाल्या. हे म्हणताना त्या गोळ्यांच्या पट्ट्या मोजून रबर लावत होत्या, वर बघत नव्हत्या. "माझी लेक म्हणते, आई, डबा नेऊच नकोस. गेल्या आठवड्यात नेला नाही मी. तीन दिवस पाणी पिऊन काढले. मग म्हटलं, का म्हणून?"

मी खिडकीची कड धरून उभा होतो. माफी मागितली. दोनदा मागितली बहुतेक.

"इतक्या वेळा आलास," त्या म्हणाल्या, "एकदा झडप वाजवायची होतीस रे. हात धुऊन उघडली असती. कोणासाठीही उघडते."

दुरुस्तीचा मजकूर सोबत नेला होता. नमुना म्हणून पुढे केला. त्यांनी तो वाचला, एका वाक्याखाली बोट ठेवले. "हे 'कर्तव्यतत्पर' बितव्यतत्पर काढ. मी काही संत नाही. वेळेवर येते, वेळेवर जाते, तेवढं लिही."

काढले. मी तो शब्द कोशात बघून घेतला होता.

रविवार, १० मार्च

तिसरा अंक. चुकीची बातमी वरच्या अर्ध्या पानावर होती, म्हणून दुरुस्तीही वरच्या अर्ध्या पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत: 'मागील अंकातील बातमी चुकीची होती.' फोनवरचा जुना अंक गुपचूप बदलता आला असता. तो तसाच ठेवला आणि त्याच्या डोक्यावर दुरुस्ती लावली. खाली खरी माहिती: खिडकी रोज नऊ ते पाच उघडी असते, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी. ती चालू राहावी असे ज्यांना वाटते त्यांनी मंगळवारी सकाळी दवाखान्यात यावे.

फोनवर पहिला प्रतिसाद: 'हा हा हा बातमीदार!' दुसरा: 'मांजर तरी हरवलं होतं का?'

ताईने फोन माझ्या हातातून काढून घेतला. आज चौकात बऱ्याच लोकांच्या हातात अंक दिसले. मी छापले त्यापेक्षा जास्तच. झेरॉक्सवाला मला पाहून म्हणाला, तुझ्या ताईचा आवाज भारी आहे हं! ती तिकडे कशाला गेली होती कोण जाणे.

मंगळवार, १२ मार्च

जीव भांड्यात पडला, हे आधी लिहितो. बाकीचे नंतर.

मालकांनी आज दुकान उघडलेच नाही, माझ्याबरोबर आले. वाटले होते, आम्ही चौघे असू. बोळात उभे राहायला जागा नव्हती. आई होती, आजोबा काठी घेऊन आले होते. 'मांजर तरी हरवलं होतं का' लिहिणारा माणूसही होता, त्याच्या आईची साखरेची औषधे इथूनच जातात म्हणे.

कार्यालयातून एक अधिकारी बाई आल्या, हातात माझा दुसरा अंक. त्यांनी विचारले, "हे कोणी लिहिलंय?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला. "मी. आणि ते चूक आहे."

"चूक म्हणजे? शुद्धलेखन तर उत्तम आहे."

मागे कोणीतरी हसले. मी तिसरा अंक दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला. मी फक्त जेवणाच्या सुट्टीत पाहणी केली, हे तोंडानेही सांगितले. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

मग त्या खिडकीकडे वळल्या. "जेवणाची सुट्टी बोर्डावर का नाही?"

आतून उत्तर आले, "बोर्ड तुमच्याच ऑफिसातून रंगून आलाय, मॅडम. माणूस जेवतो, हे लिहायचं राहिलं असेल."

सगळा बोळ हसला, अधिकारी बाईही. आजोबांनी तेवढ्यात पुढे होऊन चिठ्ठी सरकवली. "हसणं झालं असेल तर माझ्या गोळ्या द्या."

अधिकारी बाईंनी रांग पाहिली, गोळ्या दिलेल्यांची वही पाहिली. जाताना म्हणाल्या, लेखी कळवू, पण आजचं पाहून ही खिडकी हलवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

परत येताना मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पितळ कोरणाऱ्या हाताची होती, अजून दुखते आहे. मला ते बरे वाटते आहे.

सोमवार, १८ मार्च

दारावरचा जुना कागद काढला. नवा लावला आहे, तीन ओळींचा: खिडकी आहे तिथेच राहील.

कितीतरी वेळ तिथेच उभा राहिलो. तीनच ओळी होत्या, तरी वाचत राहिलो.

दुपारी मालक म्हणाले, खिडकीसाठी नवी पाटी आपल्या दुकानाकडून, पितळेची, कोर. मी एकच विचारले, की मग आपल्याही शटरवर जेवणाची वेळ लिहावी का? मालकांनी हातातली पाटी खाली ठेवली. "गेल्या महिन्यात ते गिऱ्हाईक बडवत होतं, तेही आपल्या शटरची बातमी लिहीत असेल म्हणतोस?" आणि इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

दोन पाट्या कोरायच्या ठरल्या.

गुरुवार, २१ मार्च

पाटीचा नमुना कागदावर काढला. 'सकाळी ९ ते १, दुपारी २ ते ५. मध्ये जेवणाची सुट्टी.' सकाळी काम अंगावर होते, डबा न उघडता एकच्या पुढेच सुटलो. दवाखान्याच्या बोळात पोचलो तर खिडकी अर्थातच बंद.

पूर्वीसारखा कान लावला नाही. कागद काखेत धरला आणि झडप वाजवली. वळून पळायचे ठरवत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोण रे? थांब, हात धुते."

थांबलो. झडप वर गेली. बाईंच्या गालात अजून घास होता. मी नमुना पुढे केला. त्यांनी ओले बोट कागदाला लागू न देता दोनदा वाचला.

"एक ओळ राहिली," त्या म्हणाल्या. "खाली घाल. 'तातडीचे असल्यास वाजवावे.'"

लिहून घेतली. त्यांनी सही केली.

"जेवलास?"

खोटे बोललो नाही. त्यांनी आत बोट दाखवले, बाजूच्या दाराची कडी काढली आणि डब्याचे झाकण उलटे करून त्यात माझा वाटा काढला.